चार आसनी विमानाने डोंगरातल्या गावी जेवायला जाऊन येणे: काय बघावे, काय विचारावे?

ऐरोलीकर
मे अखेरीस दहा दिवस रिव्हरसाइडला, म्हणजे लॉस एंजलिसच्या पूर्वेला, भाच्याकडे मुक्काम आहे. त्याच्याकडे अमेरिकेचं प्रायव्हेट पायलट लायसन्स आहे. भाड्याने सेसना १७२ घेऊन बिग बेअर नावाच्या डोंगरातल्या गावी दुपारी जेवायला नेऊन आणतो म्हणतोय. गाडीने दोन तास लागतात, विमानाने पाऊण तास. आम्ही तिघे आणि तो, असे चौघे.
आमच्यातल्या कुणाला यातलं काही कळत नाही. इथे ठाणे-नवी मुंबईतले दोन-तीन जण विमानवाले आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून विचारतोय. त्याला काय काय विचारावं? भिऊन नाही म्हणायचं नाही आणि न कळता बसायचंही नाही.

खारघर_टेकडी
पहिलाच प्रश्न: जेवायला दुपारीच का?
बिग बेअर सिटी विमानतळाची समुद्रसपाटीपासून उंची ६७५२ फूट आहे, म्हणजे सुमारे २०५८ मीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. कळसूबाईच्या माथ्यावर आणखी चारशे मीटर चढा आणि तिथे धावपट्टी घाला. आता हवेला उंची कळते तशी उष्णताही कळते. गरम हवा विरळ असते, त्यामुळे विमानाला ती आणखी उंचावरची वाटते. या वाटण्याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात.
हिशेब तोंडी होतो. प्रमाण तापमान समुद्रसपाटीला १५ अंश धरायचं आणि दर हजार फुटांना २ अंश कमी करायचं. ६७५२ फुटांवर ते साधारण दीड अंश येतं. प्रत्यक्ष तापमान त्याच्या वर जितके अंश, गुणिले १२०, तितके फूट मिळवायचे.
सकाळी ८ अंश असेल तर साडेसहा गुणिले १२०, म्हणजे ७८०. विमानाच्या लेखी धावपट्टी ७५०० फुटांवर.
दुपारी २० अंश असेल तर साडेअठरा गुणिले १२०, म्हणजे २२२०. धावपट्टी ९००० फुटांवर.
जुलैत २७ अंशांना हाच आकडा ९८०० च्या पुढे जातो.
म्हणजे जेवून उठेपर्यंत तुमचं गाव दीड हजार फूट वर सरकलेलं असतं. येताना उतरलात तो विमानतळ वेगळा आणि जाताना उडता तो वेगळा. भाच्याला हा आकडा दोन्ही वेळांचा काढायला सांगा. त्याने फक्त येतानाचा काढला असेल तर अर्धाच हिशेब केलाय.

वजनकाटा
खारघर_टेकडी यांनी सांगितलं त्याचा परिणाम तीन ठिकाणी होतो: इंजिन, प्रोपेलर, पंख. तिघांनाही हवाच लागते. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण ३ टक्के घटते. १८० अश्वशक्तीचं १७२एस (१७२ चंच एक मॉडेल) ९००० फुटांच्या हवेत १३० च्या आसपास उरतं. चढण्याचा दर समुद्रसपाटीला पूर्ण वजनावर मिनिटाला सातशे फुटांच्या पुढे असतो, तो निम्म्याहून खाली येतो.
आता वजन. १७२एस चं कमाल वजन २५५० पौंड, म्हणजे ११५७ किलो. रिकामं वजन प्रत्येक विमानाचं वेगळं, ते त्याच्या कागदात लिहिलेलं असतं. ७६० किलोच्या अलीकडे-पलीकडे धरा. वापरता येणारं इंधन ५३ गॅलन, १४४ किलो. टाक्या भरल्या तर माणसं आणि सामान मिळून अडीचशे किलो उरतात. खात्यापित्या घरातले चौघे त्यात बसत नाहीत. चार खुर्च्या आहेत म्हणजे चार माणसं असा अर्थ लावू नका. लोकल ट्रेनचा नियम इथे लागू नाही.
तुमची खरी वजनं द्या. लग्नाच्या वेळची नकोत.

पाचपाखाडी
मधेच विचारतो. हे सगळं तिकडेच का? ठाण्याहून असं पाचगणीला जाता येणार नाही का? टेबललँड तर धावपट्टीसारखंच सपाट आहे.

निळा_अ‍ॅव्हगॅस
पाचपाखाडी, सपाट दिसतं म्हणून तिथे उतरता येत नाही. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, आणि पठारावर माणसं, घोडे, टांगे असतात. विमान उतरवायला परवानगी असलेली जागाच लागते. महाबळेश्वर, पाचगणी, माथेरान तिन्ही ठिकाणी धावपट्टी नाही. जवळची म्हणजे कराडची. तिथून गाडीने पाचगणी आणखी दोन तासांच्या आसपास. उड्डाण धरून तेवढ्या वेळात ठाण्याहून निघालेली गाडी निम्म्याहून पुढे गेलेली असते.
आणि निघायचं कुठून? नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला तो मोठ्या प्रवासी विमानांसाठी. जुहू आहे. १९३२ च्या १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले ते तिथेच. पण आज तो मुख्यतः हेलिकॉप्टरचा तळ आहे आणि मुंबईच्या नियंत्रित हवाई हद्दीच्या पोटात आहे. छोट्या विमानांचं प्रशिक्षण बारामती, धुळे अशा ठिकाणी चालतं.
समजा विमान मिळालं. फ्लाइट प्लॅन भरायचा. निघण्याआधी दोन नंबर मिळवायचे, एक एफआयसी, म्हणजे उड्डाण माहिती केंद्राचा, आणि एक हवाई संरक्षणाचा एडीसी. एडीसीशिवाय उडालात तर हवाई दलाच्या दृष्टीने तुम्ही अनोळखी. डोळ्यांनी बघून उडायचं असेल, म्हणजे व्हीएफआर, तर दृश्यता ५ किलोमीटर लागते आणि ढगाचं छत १५०० फुटांखाली चालत नाही. सूर्यास्तानंतर वीस मिनिटांच्या आत खाली. जून ते सप्टेंबर घाटावर हे जमणं अवघडच.
इंधन हा आणखी एक घोळ. पिस्टन इंजिनाला अ‍ॅव्हगॅस १०० एलएल लागतं, रंग निळा. आपल्या विमानतळांवर सर्रास मिळतं ते एटीएफ, जेटचं रॉकेल. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये वडोदऱ्याच्या रिफायनरीतून देशी अ‍ॅव्हगॅस आणलं. तरी ते प्रत्येक तळावर असतं असं नाही, आधी ठरवून ठेवावं लागतं. चुकून एटीएफ भरलं तर नळ्यांत उरलेल्या पेट्रोलवर इंजिन सुरूही होतं आणि उड्डाणानंतर बंद पडतं. म्हणून भरल्यावर टाकीच्या तळातून पारदर्शक कपात काढून रंग बघायचा आणि वास घ्यायचा. हे अमेरिकेतही करायचंच.

पाचपाखाडी
कळलं. शिवनेरीच बरी.

घोडबंदरचा_वारा
वाऱ्याचं कुणी बोललं नाही, म्हणून.
डोंगरमाथ्याच्या उंचीवरच्या वाऱ्याचा अंदाज बघायला सांगा. जमिनीवरचा नव्हे, ९००० फुटांचा. तो २० नॉटच्या (ताशी सुमारे ३७ किलोमीटर) वर असेल तर नवख्याने विचार करावा, २५ च्या वर असेल तर सरळ गाडीची चावी घ्यावी. डोंगराच्या ज्या अंगाला वारा आदळतो तिथे हवा वर चढते, पलीकडच्या अंगाला खाली कोसळते. या कोसळत्या हवेचा वेग छोट्या विमानाच्या चढण्याच्या वेगापेक्षा सहज जास्त होतो. पूर्ण थ्रॉटल (विमानाचा अ‍ॅक्सिलरेटर) देऊनही उंची उतरत जाते.
कडा ओलांडायचा तो काटकोनात नाही, ४५ अंशात तिरकस. खाली दाबलं गेलं तर अर्ध्याच वळणात खोल दरीकडे परत फिरता येतं. समोरून गेलात तर पूर्ण वळावं लागतं, आणि ते वळताना तुम्ही आणखी डोंगराजवळ जाता. खालच्या झोतात सापडलात तर नाक वर ओढू नये. वेग राखावा, जमीन जिथे खोल आहे तिकडे वळावं, झोतातून बाहेर पडावं.
आता बिग बेअरपुरतं. रिव्हरसाइडची जमीन हजार फुटांच्या खाली आणि तलावाच्या दक्षिणेची डोंगररांग सुमारे ८००० फूट. पूर्वेला जाताना अमेरिकेत व्हीएफआरची उंची विषम हजार अधिक पाचशे असते, म्हणून ९५०० धरतात. साडेआठ हजार फूट चढायला भरलेल्या १७२ ला वीस मिनिटं सहज लागतात. सरळ रेषेत निघालात तर डोंगर आधी येतो आणि उंची नंतर. म्हणून खालच्या सपाटीवरच घिरट्या घालत उंची कमवायची आणि मग रांग ओलांडायची. दरीतून वर चढत जाणं हा सगळ्यात जुना सापळा आहे. दरी अरुंद होत जाते, जमीन तुमच्यापेक्षा वेगाने चढते आणि वळायला जागा उरत नाही.
आग्नेयेला सॅन गॉर्गोनिओ शिखर आहे, ११५०३ फूट. तिकडे बघायला जायचा मोह असतो. वारा असेल त्या दिवशी लांबूनच नमस्कार करावा.

खारघर_टेकडी
वारा यांच्याशी सहमत. आता धावपट्टीवर काय होतं ते लिहितो, भाच्याला वाचून दाखवा.
उतरताना: स्पीडोमीटरवरचा आकडा नेहमीचाच ठेवायचा. अंतिम टप्प्यात ६५ नॉट तर ६५ च. पण विरळ हवेत खरा वेग ७४-७५ असतो आणि जमीन भर्रकन मागे जाताना दिसते. नवखा घाबरून वेग कमी करतो आणि स्टॉलजवळ, म्हणजे पंखांची उचल सुटते त्या वेगाजवळ, जातो. टेकल्यावर धावण्याचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे सुमारे तीस टक्के जास्त. धावपट्टी ५८५० फूट लांब आहे, त्यामुळे तोटा नाही. टॉवर नाही, रेडिओवर स्वतःची जागा सांगत यायचं आणि इतरांचं ऐकायचं. वारा बहुतेक पश्चिमेचा असतो, म्हणून २६ नंबरची धावपट्टी, आणि तिचं तोंड तलावाकडे.
हवा-पेट्रोलच्या मिश्रणाची दांडी, म्हणजे मिक्स्चर: चेकलिस्टमध्ये उतरण्याआधी ती पूर्ण आत, म्हणजे रिच करा असं असतं. सपाटीवर शिकलेला हात ते आपोआप करतो. इथे ते चूक. हवा कमी आणि पेट्रोल जास्त झालं की इंजिन गचके देतं, आणि नेमकं तेव्हा परत वर जायची वेळ आली तर ताकद मिळत नाही. उडण्याआधी ब्रेक दाबून पूर्ण थ्रॉटल द्यायचा, दांडी हळूहळू बाहेर ओढायची, आरपीएम सगळ्यात वर जाईल तिथे थांबायचं, मग किंचित आत. ३००० फुटांहून उंच तळांसाठी ही पद्धत सेसनाच्या हँडबुकातच दिली आहे. खाली परतताना उलट, उंची उतरेल तशी दांडी थोडी थोडी आत.
उडताना: धावपट्टीच्या मध्यावर एक खूण आधीच ठरवायची. तिथपर्यंत उड्डाणवेगाच्या ७० टक्के वेग आला नाही तर थ्रॉटल मागे, ब्रेक, परत. ५५ नॉटला चाकं सुटणार असतील तर मध्यावर ३८ तरी असायला हवेत. मोजून ठरवलेली खूण नसेल तर माणूस आशेवर धावत राहतो.
जमिनीलगतच्या हवेच्या गादीवर विमान लवकर उचललं जातं. इथे खरा घात होतो. चाकं सुटली म्हणून नाक वर केलं तर वीस फुटांवर ते लटकतं. ना वर जात ना वेग घेत. सुटल्यावर नाक आडवं ठेवून वेग येऊ द्यायचा. तलावावर जायचं, पाणी सपाट असतं, तिथेच वळसे घेत उंची घ्यायची आणि मग रांगेकडे वळायचं.

ऐरोलीकर
खूप आभार. म्हणजे सकाळी सातला निघून तिकडे नाश्ता, आणि दहाच्या आत परत?

घोडबंदरचा_वारा
कागदावर हो. पण तुम्ही मे अखेरीस जाताय. मे-जूनमध्ये पॅसिफिकवरून येणारा खालचा ढग रात्री लॉस एंजलिसच्या सपाटीवर पसरतो आणि सकाळी उशिरापर्यंत हटत नाही. वर डोंगरात लख्ख ऊन, खाली गच्च पांढरं. व्हीएफआरवाल्याला त्यातून चढता येत नाही. रिव्हरसाइड समुद्रापासून आत आहे, त्यामुळे तिथे किनाऱ्यापेक्षा लवकर उघडतं, पण सातला उघडेलच असं नाही. भाच्याकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेर न दिसता उपकरणांवर उडवण्याची पात्रता, असेल तर प्रश्न नाही. परवानगी घेऊन ढगातून वर. नसेल तर ढग हटेपर्यंत थांबायचं, आणि मग आपोआप जेवणाची वेळ होते. तेव्हा एकतर आटोपशीर जेवून बाराच्या सुमारास उडा, नाहीतर संध्याकाळी पाचनंतर, हवा निवल्यावर आणि वारा पडल्यावर. अंधाराच्या आत मात्र खाली पोहोचा. दीड ते चार ही वेळ टाळा. त्या वेळी तापलेल्या उतारांवरून हवा उसळते आणि मागच्या सीटवरचं जेवण वर येतं.
शरद ऋतू ते हिवाळा सांता आना वारे येतात, ईशान्येकडून खिंडींतून. त्या दिवसांत विषयच नको.

निळा_अ‍ॅव्हगॅस
सकाळी असो की दुपारी, एक तास थांबलात की १७२एस सुरू करताना त्रास देईल. इंजेक्शनचं इंजिन बंद केल्यावर कव्हरखाली उष्णता कोंडते, वरच्या बारीक नळ्यांतलं पेट्रोल उकळून वाफ होते. नवखा परत परत प्राइम करतो, म्हणजे सुरू करण्याआधी इंजिनात पेट्रोल सोडतो, इंजिन पेट्रोलने बुडतं आणि मग बॅटरीही बसते. गरम इंजिनाला प्राइम न करता, मिक्स्चर पूर्ण बाहेर, थ्रॉटल पाव-अर्धा इंच, स्टार्टर. पकडलं की मिक्स्चर हळूच आत. बुडलं असेल तर मिक्स्चर बाहेरच, थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि पकडलं की थ्रॉटल मागे. स्टार्टर एका वेळी १० सेकंद, मग २० सेकंद विश्रांती. तिसऱ्यांदाही नाही झालं तर दहा मिनिटं थांबायचं. उभं करतानाच नाक वाऱ्याकडे करून इंजिनाच्या कव्हरवरची ऑइल तपासायची खिडकी उघडी ठेवली तर बराच फरक पडतो. मात्र ती बंद करायला विसरू नये.
जेवायला जाताना पंख दोरीने बांधा, चाकांना लाकडी ठोकळे, आणि कंट्रोल लॉक, म्हणजे वाऱ्याने सुकाणू हलू नये म्हणून लावायची खीळ.

सीवूड्स_५०
जेवणात बिअर?

निळा_अ‍ॅव्हगॅस
पायलटला नाही. अमेरिकेत ८ तास, आपल्याकडे १२. बाकीच्यांनी घेतली तर पिशवी हाताशी ठेवावी.

खारघर_टेकडी
कागदपत्रांचं एका दमात: प्रवासी घ्यायचे तर गेल्या ९० दिवसांत तीन उड्डाणं आणि तीन लँडिंग झालेली हवीत. २४ महिन्यांत इन्स्ट्रक्टरबरोबर फ्लाइट रिव्ह्यू. वैद्यकीय प्रमाणपत्र चालू. भाड्याने देणारे बरेच क्लब बिग बेअरसाठी आधी इन्स्ट्रक्टरबरोबर एक फेरी मागतात. ती झालीय का, हे नक्की विचारा. खर्च वाटून घेता येतो, पण पायलटने स्वतःचा वाटा भरलाच पाहिजे. तुम्ही सगळं भाडं देणं नियमात बसत नाही. मामा म्हणून जेवणाचं बिल द्या.
व्हीएफआर फ्लाइट प्लॅन तिकडे ऐच्छिक आहे. भरला तर उडाल्यावर सुरू करायचा आणि उतरल्यावर स्वतः बंद करायचा. बंद केला नाही तर ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासाने शोधाशोध सुरू होते, आणि तुम्ही मेनूकार्ड बघत असता.

ऐरोलीकर
भाच्याकडून आकडे आले. रिकामं विमान ७६२ किलो. तो ७८, मी ८४, सौ. ६६, कन्या ५२. एकूण २८०. सामान ५. इन्स्ट्रुमेंट रेटिंग नाही. डोंगराची फेरी इन्स्ट्रक्टरबरोबर झालीय, पण दोघंच होते. निघताना २८ गॅलन घ्यायचं म्हणतोय.

वजनकाटा
२८ गॅलन म्हणजे ७६ किलो. ७६२, २८०, ५ आणि ७६ मिळून ११२३. कमाल ११५७, म्हणजे कायद्यात बसतं. बिग बेअरला पोहोचेपर्यंत सात-आठ गॅलन जळतील, तिथून उडताना ११०२ च्या आसपास. डोंगरात उडणारे कमाल वजनाच्या ९० टक्क्यांच्या आत राहतात. तो आकडा १०४१. तुम्ही ६० किलोने वर आहात.

खारघर_टेकडी
सकाळी दहाला दहा अंश असतील तर ११०० किलोवरही हँडबुकातल्या तक्त्याप्रमाणे निघतं, धावपट्टीही पुरते. मी नाहीच म्हणणार नाही.

वजनकाटा
तक्ता नव्या इंजिनाचा आणि कंपनीच्या पायलटचा असतो. शिवाय ढगामुळे हे दहाला उडणार नाहीत, एकला उडतील. आणि पोरगा तिथे दोघांच्याच वजनावर उडालाय. चौघांचं विमान त्याला पहिल्यांदा बिग बेअरलाच भेटणार.

खारघर_टेकडी
तो मुद्दा मान्य. मग तिघंच.

वजनकाटा
ऐरोलीकर, तुम्हाला वगळलं तर बेरीज १९६ अधिक ५ सामान, बिग बेअरहून उडताना २० गॅलन म्हणजे ५५ किलो धरून १०१८. उत्तम. तुम्ही सकाळी गाडीने वर या, दोन तास. येताना तुम्ही विमानात बसा आणि ५२ किलोवाली गाडी चालवत असेल तर ती गाडीने. तेव्हा बेरीज १०५०, नव्वद टक्क्यांच्या ९ किलो वर, तेवढं चालवून घेऊ. सामान गाडीत टाकलंत तर ४ च. गाडी खाली आणायला कुणी नसेल तर दोन्ही वेळा गाडी तुमचीच.
आणि बेरीज जमली तरी तोल वेगळा काढायचा. जड माणूस पुढे, हलकी मागे. मागच्या सामानाच्या जागेला कमाल १२० पौंड, ५४ किलो.

ऐरोलीकर
कन्येकडे आंतरराष्ट्रीय परवाना आहे. ती म्हणते मी जाताना विमानात, येताना गाडीत, आणि गाडीत गाणी माझी. भाच्याला धाग्याचा स्क्रीनशॉट पाठवला. त्याचं उत्तर: "मामा, हॉट स्टार्टचं कुणी सांगितलं? मागच्या वेळी पाऊण तास तिथेच अडकलो होतो."

निळा_अ‍ॅव्हगॅस
पाव-अर्धा इंच म्हणावं. त्याहून जास्त नको.